घळीतली वीतभर जागा

रेगेन्सबर्गच्या मराठी मंडळात ऊर्मिला आगाशेला मागून सगळे 'पावलं' म्हणायचे. गणपतीच्या आरतीला तिला उशीर झाला की कुणीतरी हमखास विचारायचं, "पावलं आली का?" कारण ही बाई चालायला लागली की तोंडातल्या तोंडात आकडे मोजते. बस स्टॉपपासून घरापर्यंत किती पावलं, हॉलच्या दारापासून प्रसादाच्या टेबलापर्यंत किती, सगळं हिला तोंडपाठ. लोक हसायचे. हसोत बापडे. ज्यांना कारण ठाऊक नाही त्यांनी खुशाल हसावं.

कारण पुण्यात होतं, सहकारनगरला, दुसऱ्या मजल्यावर. विष्णू आगाशे, वय वर्षं त्र्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. ऊर्मिलेचे सासरे. कालव्यांचे नकाशे काढण्यात पस्तीस वर्षं गेली आणि उरलेला प्रत्येक रविवार सह्याद्रीत. माणूस सरळ, इतका सरळ की जवळच्यांना टोचायचा. मोजल्याशिवाय कागदावर रेघ नाही आणि पटल्याशिवाय तोंडातून शब्द नाही.

ऊर्मिला मिरजेची. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि ती मामाकडं वाढली. मामा काही वाईट नव्हता हो, पण शेवटी मामाचं घर ते मामाचं घर. तिथं दुसऱ्यांदा भाजी मागताना वाटी जरा मागंच राहते. शिकली, मेकॅनिकल इंजिनीअर झाली, आणि बघायच्या कार्यक्रमात आगाश्यांच्या दिवाणखान्यात येऊन बसली. सगळे पगार, पत्रिका, जर्मनी असं बोलत होते. विष्णू आगाशे मात्र मध्येच म्हणाले, "चालतेस का?" हिला वाटलं, लग्नाला चालेल का असं विचारतायत. ती घाबरून "हो" म्हणाली. त्यांना पायी चालणं म्हणायचं होतं. घरातले सगळे पोट धरून हसले आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर महिन्याभरात ते तिला रतनगडाजवळच्या सांदण दरीत घेऊन गेले. प्रसन्नला, म्हणजे त्यांच्या मुलाला, चालायचा कंटाळा. तो घरीच झोपला. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधली फट इतकी अरुंद की आभाळाची नुसती चिंधी दिसावी, आणि कमरेएवढं गारठणक पाणी. ऊर्मिला पाण्यात पाय टाकेना. सासरे पुढं गेले नाहीत, ओढलं नाही, रागावलेही नाहीत. म्हणाले, "पावलं मोज. भीती वाटली की आकडा मोठ्यानं म्हण." एकोणचाळीस पावलांत पाणी संपलं. पलीकडं पोचल्यावर ती त्यांना पहिल्यांदा मनापासून 'बाबा' म्हणाली. त्याआधी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत होती.

पुढं प्रसन्नला रेगेन्सबर्गला नोकरी लागली, मग हिलाही गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या एका लॅबमध्ये. आणि सुरू झाला तो रविवारचा उद्योग. ऊर्मिला शनिवारी बव्हेरियातली कुठलीतरी डोंगरवाट चालायची, पावलं मोजत, वळणांची दिशा वहीत लिहीत. तिचं पाऊल अडुसष्ट सेंटिमीटरचं, हे बाबांनी पुण्यात कॉलेजच्या ग्राउंडवर टेप लावून पक्कं केलं होतं. रविवारी सकाळी इथले अकरा, म्हणजे उन्हाळ्यात तिथले अडीच वाजले की व्हिडिओ कॉल. "बोल," बाबा म्हणायचे, "नव्वद पावलं, मग?" "मग डावीकडं, बाबा, ईशान्येला. मोठं ओंडक्याचं बाक आहे." आणि पुण्यात बसून, कधीही न पाहिलेल्या जर्मन डोंगराचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरायचा. तेरा वर्षं! दोघांचं हे वेड बघून सासूबाई, संध्याताई, कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अहो, गूगलवर सगळं असतं म्हणे." बाबा म्हणायचे, "गूगल माझ्या सुनेच्या पायानं चालत नाही."

नको त्या वेळी आठवावं असं वाक्य आहे ते. असो.

तर अडीच वर्षांपूर्वी प्रसन्ननं हॅनोव्हरला नोकरी घेतली. मोठं पद, मोठी कंपनी. आधी दर शुक्रवारी यायचा, मग एकाआड एक, मग महिन्यातून एकदा, आणि मग एक दिवस स्वयंपाकघरात उभा राहून, बूटही न काढता म्हणाला, की हॅनोव्हरला शमिका नावाची कुणी आहे. भांडण झालं नाही. भांडायला तरी काही शिल्लक लागतं. मूलबाळ नव्हतं, दोनदा राहिलं, दोनदा गेलं. वकिलानं सांगितलं की इथं आधी एक वर्ष वेगळं राहून दाखवावं लागतं, त्याला ट्रेनुंग्सयार म्हणतात, मग घटस्फोट. ते वर्षही सरलं. कोर्टाची तारीख सप्टेंबरात होती.

आणि जुलैत सासू-सासरे तीन आठवड्यांसाठी येणार होते. तिकिटं जानेवारीतच काढलेली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरळ फोन उचलून सांगितलं असतं. पण आपली माणसं! म्हाताऱ्यांना त्रास नको, आईंचं बीपी आहे, एवढ्या लांबून पहिल्यांदाच येतायत, हिंडू-फिरू देत बिचाऱ्यांना, परत गेल्यावर दिवाळीनंतर प्रसन्न सावकाश सांगेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्याकडं मायेनं जेवढं खोटं बोललं जातं तेवढं वैरानंही बोललं जात नसेल. दोघांनी फोनवर ठरवलं आणि ऊर्मिलेनं मान डोलावली. मंडळातल्या बायकांनाही तिनं आधीच दटावून ठेवलं.

प्रसन्न दोन सुटकेसा घेऊन आला, स्वतःच्याच घरी पाहुणा. ऊर्मिलेनं कपाटातली त्याची बाजू मोकळी केली, बेलवरच्या पाटीत त्याचं नाव पुन्हा सरकवलं, लग्नाचा फोटो पलंगाखालून काढून भिंतीवर टांगला. पहिल्याच सकाळी याला साखरेचा डबा सापडेना. तीन कपाटं उघडली. आई हसून हसून बेजार. "बघा मेला, स्वतःच्या घरात साखर सापडत नाही याला! ऊर्मिला, फार लाडावून ठेवलंयस हो." ऊर्मिलाही हसली. हसताना हातातला चहा बशीत सांडला.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. ती ऊर्मिला कुणाला सांगू शकत नव्हती, कारण सांगितली असती तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. नवरा जातोय याचं दुःख तिनं वर्षभरात रडून संपवलं होतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो बाबांसाठी. घटस्फोटानंतर हा माणूस आपला कोण? मूल असतं तर आजोबा म्हणून तरी आला असता. आता कुठल्या नात्यानं रविवारी फोन करायचा? प्रसन्न नोव्हेंबरात सांगेल तेव्हा आपण नुसती एक बातमी होऊ, आणि बातमीला कोण फोन करतं? म्हणून तिनं मनाशी ठरवलं की प्रसन्नला काय वाटायचं ते वाटो, बाबांना आपण स्वतः सांगायचं. आणि विचारायचं, रविवार राहील ना?

जागाही तिनं ठरवली. रेगेन्सबर्गपासून गाडीनं पाऊण तासावर जंगलात एक घळ आहे. आसपासचे लोक तिला वोल्फ्सग्राबेन म्हणतात, लांडग्याची घळ. लांडगा काही कुणी पाहिलेला नाही. चुनखडीच्या दोन उभ्या भिंती, मध्ये कुठं चार हात, कुठं जेमतेम दोन हात वाट, आणि पाच किलोमीटर तशीच वळत वळत ती डोनाऊच्या काठाशी जाऊन उघडते. डोनाऊ म्हणजे शाळेच्या भूगोलात आपण डॅन्यूब म्हणून पाठ केली तीच. एरवी घळीत घोटाभर पाणी असतं. यंदा मे महिन्यापासून पावसानं तोंड फिरवलेलं; तळाला नुसती पांढरी वाळू आणि गोटे, वाळवंटात आणून सोडल्यासारखं कोरडं ठाक. बाबांचा सगळ्यात लाडका नकाशा हाच होता. दोन वर्षं लागली होती त्याला. तो गुंडाळी करून, प्लास्टिकच्या नळीत घालून, विमानात हातात धरून त्यांनी आणला होता.

परतीच्या विमानाआधीचा शनिवार. प्रसन्ननं दोघांना वरच्या तोंडाशी सोडलं आणि तो आईंना घेऊन खाली नदीकाठच्या बिअरगार्टनकडं, म्हणजे तिथल्या झाडाखालच्या हॉटेलाकडं गेला. आईंचे गुडघे. त्यांनी गाडीच्या काचेतून चार सूचना दिल्या. "अहो, टोपी घाला. ऊर्मिला, यांना उड्या मारू देऊ नकोस गं, स्वतःला अजून पंचविशीतले समजतात." बाबा म्हणाले, "हो हो, निघा तुम्ही." आणि त्यांनी नळीतून नकाशा काढला, नाकावर चष्मा चढवला. परीक्षेचा पेपर हातात पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

नदीपर्यंत साडेतीन तास. तेवढ्यात सांगायचं.

पहिलं वळण आलं. बाबा नकाशा पाहत मोजत होते. "एकशे बारा, आणि... बघ! डावीकडं!" खरंच डावीकडं. भिंतीतून वाढलेलं झाड, नकाशात होतं तिथंच. वाकड्या पायऱ्या होत्या तिथंच, लोखंडी शिडी होती तिथंच. शिडीच्या पायऱ्या सुद्धा अकरा. म्हातारा लहान मुलासारखा खूश झाला. "अगं, न बघता काढलाय मी हा! माझ्या खात्यातले इंजिनीअर जीपनं जाऊन जमिनीची चुकीची उंची मोजून आणायचे. आणि तू पायांनी..." त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाबास पोरी."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कसं सांगायचं? पुढच्या वळणावर सांगू, म्हणाली मनात. पुढच्या वळणावर बाबांना दगडात शंखाचा ठसा दिसला. त्याच्या पुढच्या वळणावर एक जर्मन जोडपं भेटलं, "ग्रूस गोट" म्हणून इकडचा नमस्कार झाला, बाबांनी त्यांना नकाशा दाखवला आणि त्या माणसानं टोपी काढून कौतुक केलं. त्याच्या पुढं घळ इतकी अरुंद झाली की एकामागं एक चालावं लागलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ना, तसं चाललं होतं हिचं. "बाबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"पाणी पिऊया का?"

पाणी प्यायले. भिंतींच्या मध्ये ऊन पोचत नव्हतं, तरी तिच्या मानेवर घाम होता.

निम्म्यापेक्षा जास्त वाट झाल्यावर एक जागा येते. वरून निखळलेली मोठी शिळा दोन्ही भिंतींच्या मध्ये अडकून बसलीय, छतासारखी. तिच्याखालून जायचं. ऊर्मिला पुढं होती. छताखालून गेली, दहा-बारा पावलं चालली आणि मनाशी पक्कं ठरवून वळली, की आता बास, इथंच सांगायचं. "बाबा, मला तुम्हाला एक..."

बाबा शिळेखाली थांबले होते. वर पाहत होते. हात उंच करून त्यांनी शिळेला लावला. मग नकाशा पाहिला. मग पुन्हा वर.

"ऊर्मिला, हे काहीतरी चुकलं."

"काय?"

"इथं मी उंची एक मीटर पंच्याहत्तर लिहिलीय. प्रसन्नचं डोकं लागतं, म्हणाली होतीस तू. गेल्या वर्षी ऑक्टोबरात. कपाळाला टेंगूळ आलं, बर्फ लावला, एवढं सगळं सांगितलं होतंस." ते अगदी शांतपणे बोलत होते, नकाशातली चूक शोधताना बोलायचे तसेच. "तो पाच फूट अकरा. त्यावरून मी ही उंची धरली. मी त्याच्यापेक्षा बोटभर उंच आहे, आणि माझ्या डोक्यावर इथं वीतभर जागा आहे."



प्रसन्न या घळीत कधी आलाच नव्हता. एकदाही नाही. ऑक्टोबरात तो हॅनोव्हरला होता, शमिकेकडं. रविवारी कॉलवर आईंनी मागून विचारलं होतं, "प्रसन्न कुठाय गं? दिसतच नाही हल्ली," आणि ऊर्मिलेनं पटकन सांगितलं होतं की काल घळीत डोकं आपटलं, झोपलाय. खोटं खरं वाटावं म्हणून टेंगूळ, टेंगळाला बर्फ. तिला काय ठाऊक, की पलीकडं बाबा ते सगळं लिहून घेतायत आणि त्यावरून उंची काढतायत! खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण गोटा असा वीतभर उंचावर लटकलेला असेल असं कुणाला वाटतं?

आणि उत्तर तयार होतं तिच्या तोंडात. इंजिनीअर होती ती. 'बाबा, हिवाळ्यात पूर आला होता, वाळू वाहून गेली, तळ खाली गेला.' इतकं चोख उत्तर! बाबांनी लगेच मानलं असतं, उलट खूश होऊन पेन्सिलीनं 'तळ खचला' असं लिहून घेतलं असतं. तिनं तोंड उघडलं. आणि त्या सरळ, विश्वासानं उत्तराची वाट बघणाऱ्या चेहऱ्याकडं पाहून तिच्यानं ते निघेना.

"तो आलाच नव्हता, बाबा," ती म्हणाली. "तो कधीच आला नाही इथं."

मग सगळं बाहेर आलं. आधी काय, मग काय, असं काही राहिलं नाही. हॅनोव्हर, शमिका, वकील, सप्टेंबरची तारीख, बेलवरची पाटी, पलंगाखालचा फोटो. ती बोलत होती आणि बाबा शिळेखाली उभे होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "किती दिवस झाले?" "दोन वर्षं होतील." "म्हणजे आम्ही आलो तेव्हा तुम्ही..." "हो, बाबा. तो तुमच्यासाठी आलाय. तुम्ही गेलात की जाईल."

ते तिथल्याच एका दगडावर बसले. मग खिशातून खोडरबर काढलं, नकाशा मांडीवर पसरला आणि म्हणाले, "यात अजून काय काय खोटं आहे ते सांग."

"बाबा, असं नका ना करू."

"सांग."

तिनं सांगितलं. शिडीजवळ 'प्रसन्न घसरला, मे' असं लिहिलं होतं, ते. रुंद जागी 'प्र. ची बसायची जागा', ते. नदीजवळ 'इथे दोघे जेवतात', तेही. बाबा एकेक जागा शोधत आणि खोडत. ट्रेसिंग पेपरवरची शाई रबरानं जात नाही. तो भाग नुसता पांढुरका, खरबरीत होतो. ते फुंकर मारून रबराचा चुरा उडवत होते. ऊर्मिला समोर उभी राहून रडत होती, नाक पुसायलाही तिच्याजवळ काही नव्हतं.

"मापं?" त्यांनी विचारलं.

"मापं सगळी खरी आहेत. एकेक पाऊल खरं आहे, बाबा. शपथ."

"शपथ कशाला घेतेस? चालून बघितलंच की मी." ते नकाशा गुंडाळायला लागले. "पाय मुरगळला तर ट्रेकवर लपवायचा नाही. सांगितलं होतं ना तुला? लपवणारा स्वतः मरतो आणि बरोबरच्यांनाही गोत्यात आणतो. तुम्ही वेगळे झालात, ते ठीक आहे. माणसांचं नाही पटत. माझ्या पोरानं माती खाल्ली असेल, त्याचे कान मी पिळले असते. पण तीन आठवडे तू मला रोज सकाळी आल्याचा चहा दिलास, ऊर्मिला. आता मी बसून विचार करतोय की त्यातला खरा कुठला."

"सगळा खरा होता. बाबा, त्या घरात तेवढंच खरं होतं."

बाबा उठले आणि चालायला लागले. आता मोजत नव्हते. अरुंद जागी नेहमी मागं वळून 'सांभाळून गं' म्हणायचे, तेही नाही. ती त्यांच्या पाठीकडं बघत चालत राहिली. दोन्ही बाजूंच्या भिंती हळूहळू खाली येत गेल्या, ऊन आलं, झाडं आली आणि समोर डोनाऊ, रुंद, हिरवट, संथ. पाणी यंदा इतकं आटलं होतं की काठाला गोट्यांचा मोठा पट्टा उघडा पडला होता.

प्रसन्न आईंना टेबलाशी बसवून काठापर्यंत आला होता. हात हलवत, हसत. "काय बाबा, कसा झाला ट्रेक? नकाशा पास का नापास?"

बाबा त्याच्याकडं पाहत म्हणाले, "तुझं डोकं कुठं लागतं रे घळीत?"

प्रसन्ननं चटकन ऊर्मिलेकडं पाहिलं. आपण कुठल्या खोट्यात आहोत, ते त्याला चेहऱ्यावरून कळेना. पण तीन आठवड्यांची सवय. गडी डगमगला नाही. "ते ना? हो, बाबा, त्या मोठ्या दगडाखाली. दर वेळी लागतं! किती वेळा हिला म्हटलं, हेल्मेट घालून यायला पाहिजे." आणि हसला. चांगला हसला. लहानपणी हसायचा तसाच.

बाबांचा चेहरा पडला. इतका वेळ कुठंतरी, तळाशी, त्यांना वाटत असावं की पोरीचंच काही चुकलं असेल. "गाडी घेऊन ये इकडं," ते म्हणाले. "माझे पाय दुखतायत." प्रसन्न "बरं, आलोच" म्हणत गेला.

आता दोघंच होते, आणि मिनिटं मोजकी. ऊर्मिलेनं लाज, मान, सगळं बाजूला ठेवलं. "बाबा, एकच विचारते. रविवारी फोन करू ना मी? चिडा, रागवा, बोलू नका काही दिवस. पण पुढं कधीतरी... अकरा वाजता... मी चालणं सोडणार नाहीये."

बाबा पाण्याकडं बघत बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, राग उतरतो.

"तो खोटारडा आहे, आणि तू निदान शेवटी खरं बोललीस. पण मुलगा माझा तो आहे. उद्या ती कोण शमिका माझ्या घरात येईल. तिचा काय दोष असेल नसेल, देव जाणे, पण ती सून म्हणून येईल. आणि रविवारी दुपारी त्याच घरात मी तुझ्याशी बोलत नकाशे काढत बसलो, तर तिनं कुठं बसायचं? तू आलीस तेव्हा माझ्या घरात तुझी जागा पूर्ण होती. तिलाही तेवढीच पूर्ण द्यायला हवी."

"मी सून म्हणून नाही मागत, बाबा."

"मग काय म्हणून?"

लेक म्हणून, असं म्हणायचं होतं तिला. मामाच्या घरात वाढलेली पोर. जे आपलं नाही ते मागायचं नसतं, हे तिच्या हाडात मुरलेलं. ती गप्प राहिली, आणि बाबांनी त्या गप्प राहण्याला उत्तर समजून मान हलवली.

"संध्याला अजून काही बोलू नकोस. विमानात मी सांगेन. चल."

ते वळले. गोट्यांवरून वर चढायचं होतं, आणि गोटे सैल होते. दुसऱ्याच पावलाला त्यांचा पाय सरकला. ऊर्मिलेचा हात आपोआप पुढं गेला, तेरा वर्षं जात आलाय तसा. त्यांनी तो घट्ट धरला, तोल सावरला, चार पावलं वर आले, सपाट जागेवर पोचले. मग हात सोडला, आणि तिच्याकडं बघून, अगदी सभ्यपणे म्हणाले,

"थँक यू."

आगाश्यांच्या घरात घरच्या माणसाला कुणी थँक यू म्हणत नाही. कुणी ताट वाढलं म्हणून नाही, कुणी रात्रभर उशाशी बसलं म्हणून नाही. ते दुकानदाराला म्हणायचं, डॉक्टरला म्हणायचं, बसमध्ये जागा देणाऱ्याला म्हणायचं.

ऊर्मिला तिथंच गोट्यांत उभी राहिली आणि लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडली. वर येऊन थांबलेल्या गाडीतून आईंची हाक आली, "अगं, ऊन लागलं का तुला?" बाबा टोपी नीट करून गाडीच्या दिशेनं चालत राहिले.